आत्याच्या तोंडचं नाव

गिरगाव,
११ जानेवारी २०२६

प्रिय दर्शनाताई,

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. वैभव म्हणाला की तुम्ही मोबाइल कपाटात टाकलाय आणि तो वाजला तरी बघत नाही. मग मी ठरवलं, सरळ पत्र लिहायचं आणि तुमच्या भावालाच पोस्टमन करायचं. लोअर परळचं ऑफिस सुटलं की तो कधी माझ्याकडे गिरगावात येतो, कधी तुमच्याकडे नायगावला. खिशात एक पाकीट जास्त झालं तर त्याचं काही झिजत नाही.

सातवा संपत आला आणि आईने मला माहेरी आणलं. डॉक्टर म्हणाले होते जिने चढू नका. आईने ते 'हलू नका' असं ऐकलंय. त्यामुळे दिवसभर खिडकीत बसून वाडीत कोण कोणाकडे चाललंय ते बघत असते.

आता मुद्द्याचं. वैभव काल बराच वेळ चाचरत होता. शेवटी म्हणाला, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला प्रितीला बोलवा असं ताईने पाटीवर लिहून दाखवलं. प्रितीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ती चुलत आत्या. सख्खी आत्या नायगावात बसलेली असताना चुलत कशाला? तुमचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, हे मला माहीत आहे. तरी बाळाचं नाव तुम्हीच सांगायचं. कसं सांगाल ते मला अजून कळलेलं नाही, पण सांगाल तुम्हीच.

लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी तुमच्या खोलीत काढली. गिरगावातली लाडावलेली मुलगी, सकाळच्या संडासाच्या रांगेला घाबरायची. तुम्ही माझा नंबर धरून उभ्या राहायचात आणि पॅसेजच्या टोकावरून हाक मारायचात, "मेघना, ये!" अख्खा मजला जागा व्हायचा. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता सांगते, त्या हाकेमुळे मी त्या घरात टिकले. माझ्या बाळाला पहिली हाक दुसऱ्या कोणी मारलेली मला चालणार नाही.

तुमची,
मेघना


नायगाव,
१६ जानेवारी

प्रिय मेघना,

पोस्टमनने पाकीट दिलं आणि हमाली म्हणून माझ्या ताटातली सुरमईच्या दोन तुकड्या उचलल्या. पुढच्या वेळी सोमवारी पाठव, सोमवारी माझा उपास असतो.

आवाज गेला म्हणतेस. गेला नाही गं, काढला. तू गळ्याला बांधलेला रुमाल बघितलायस, रुमालाखालचं बघितलेलं नाहीस. कॅन्सरसकट स्वरयंत्र काढलं. आता श्वास नाकातून नाही, गळ्याच्या खालच्या भोकातून. तिथून हवा येते आणि जाते, पण शब्द होत नाही. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर 'सावधान, विश्राम' ओरडले. पी.टी.ची बाई असून शिट्टी कधी विकत घेतली नाही. आता केळेवाल्याला हाक मारायची तर टाळ्या वाजवते. तो मला बघून मान खाली घालतो, आणि मीही.

अशा बाईने पाळण्यात वाकून काय करायचं? फुस्स? बाळाच्या कानात पहिलं नाव गोड पडावं. प्रितीचा गळा गोड आहे. मी वाकले तर बाळ घाबरेल, तुझ्या माहेरची माणसं घाबरतील, आणि खरं सांगते, सगळ्यांत जास्त मी घाबरेन. तेव्हा हट्ट सोड.

वैभवच्या धाकाने दर गुरुवारी परळच्या हॉस्पिटलात मात्र जाते. स्वरयंत्र काढलेल्यांना तिथे परत बोलायला शिकवतात. शिकवते कोण, तर आमच्यातलीच एक, सकीनाबी. साठी उलटलेली, राहणारी डोंगरीची, मूळची रत्नागिरीकडची. तिचंही ऑपरेशन आमच्यासारखंच झालंय, पण ती बोलते! मशीन नाही, काही नाही. आवाज घोगरा, खरखरीत, तरी शब्द न् शब्द कळतो. पद्धत ऐकून हसशील. तोंडातली हवा घशात खाली ढकलायची, पोटात जाऊ द्यायची नाही, लगेच वर आणायची आणि वर येताना तिचा शब्द करायचा. म्हणजे साध्या मराठीत ढेकर. वर्गात पाच-सहा काका आणि मी एकटी बाई. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल, पंगत उठली.

परीक्षा एकच. सकीनाबी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहते. आपण तिला नावाने हाक मारायची. कळली तर ती वळते. बुधाजीकाका माझ्यानंतर आले, त्यांच्या हाकेला कधीच वळली. माझ्या वाट्याला अजून तिची पाठच आहे.

तब्येत सांभाळ. आई सांगेल तसं, पण थोडं हलत जा.

तुझी,
दर्शनाताई


गिरगाव,
२७ जानेवारी

प्रिय दर्शनाताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रडले. आईने विचारलं काय झालं, तर म्हटलं, सुरमईचं वर्णन होतं.

हट्ट सोडलेला नाही. प्रितीचं नाव परत काढू नका.

मला तुमच्या सकीनाबी फार आवडल्या. पाठ करून उभी राहणारी मास्तरीण! आणि त्यांचं नाव. मी ते मनात म्हणून बघितलं तर बाळ हललं. लगेच अर्थ काढू नका, ते कशानेही हलतं, मिक्सर लावला तरी हलतं. पण या नावाचा अर्थ काय असेल?

अप्पांना विचारलं. माझे आजोबा एका वकिलाकडे कारकून होते हे तुम्हाला माहीत आहे. जुने मोडी कागद ते अजून भिंग लावून वाचतात. म्हणाले, "अरबी असणार. आपल्या जुन्या दस्तांत माणसाच्या नावापुढे लिहायचे, 'साकीन गिरगाव'. साकीन म्हणजे राहणारा. एकाच घरातले शब्द दिसतात." मग सकीना म्हणजे राहणारी का? पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही सकीनाबींना विचाराल का? मला खिडकीत बसून दुसरा उद्योग नाही.

तुमची,
मेघना


नायगाव,
१३ फेब्रुवारी

प्रिय मेघना,

आधी नावाचं सांगते, मग माझं. माझं आधी सांगितलं तर नावाचं राहून जाईल.

काल वर्ग सुटल्यावर पाटीवर लिहिलं, 'तुमच्या नावाचा अर्थ काय?' सकीनाबी वाचून खूश झाली. म्हणाली, इतकी वर्षं शिकवते, सगळे हाक मारायला शिकले, कोणी अर्थ विचारला नाही.

तिचा बाप बोटीवर खलाशी. ती पोटात असताना त्याच्या बोटीची खबरच येईना. महिने गेले. आई घाबरून अन्न टाकायची, दार वाजलं तरी थरथरायची. पोर झाली तेव्हाही बापाचा पत्ता नव्हता. आजीने पोरीच्या कानात बांग दिली आणि सातव्या दिवशी नाव ठेवलं सकीना. म्हणजे बघ, आपल्याकडे बारशाला कानात सांगतात, त्यांच्याकडेही पहिलं कानातच. मी पाटीवर लिहिलं, 'सकीना म्हणजे शांतता ना?' तर तिने डोळे मोठे केले. तिचंच बोलणं लिहिते: "शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे गो बाय. गप्प काय, मेलेला माणूस पण बसतो. भ्यालेल्याच्या काळजात वरून काहीतरी उतरतं आणि त्याचे पाय जाग्यावर राहतात, ते सकीना. कुराणात आहे. लोक भ्याले तेव्हा अल्लाने उतरवली."

अप्पांचं साकीन तिला सांगितलं. म्हणाली, बरोबर, एकाच मुळाचं. येते आणि राहते. आल्या पावली परत जाते तिला कोण सकीना म्हणेल?

पैगंबरांचे नातू हुसेनसाहेब, त्यांच्या लाडक्या लेकीचं नावही सकीना होतं म्हणे. करबल्याच्या लढाईत लहानगी तहानेने व्याकूळ झाली. काका तिच्यासाठी पाणी आणायला गेले आणि परत आले नाहीत. म्हणून मोहरममध्ये तिची आठवण काढून पाणपोया घालतात, येईल त्याला पाणी. गावाला आमची आजी ताबुताखालून आम्हाला न्यायची, कपाळाला ऊद लावायची. कोणाचा ताबूत, कशासाठी, कधी विचारलं नव्हतं. काल कळलं.

बापाचं काय झालं विचारशील. आला! पोर रांगायला लागल्यावर आला, हातात खजुराची पिशवी घेऊन.

आता माझं. एवढं सगळं सांगून ती खिडकीशी गेली, पाठ केली, आणि म्हणाली, "आता अर्थ कळला ना? मार हाक." मी हवा घेतली, ढकलली, वर आणली. 'स' आला, 'की' आला. शेवटचा 'ना' नाकात जात नाही, आमच्यासारख्यांचा तो 'दा' सारखा पडतो. पण पडला.

ती वळली, मेघना.

बुधाजीकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या बाईच्या पाया पडायला वाकले तर तिने दंड धरून उभं केलं आणि ओरडली, "वाकू नको, हवा बाहेर पडते!" हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी किती रडले ते पोस्टमनला सांगू नकोस. माझ्यासाठी ही बाई दर गुरुवारी डोंगरीहून बस धरून येते, आणि मी तिची कोण? तिचे उपकार मी कशाने फेडणार ते मला समजत नाही.

तुझी,
दर्शनाताई


गिरगाव,
९ मार्च

प्रिय दर्शनाताई,

आत्या झालात! वैभवने सांगितलंच, पण माझ्या हातून कळायला हवं. मुलगी. सगळं सुरळीत झालं, आम्ही दोघी छान आहोत. नाक तुमच्या घरचं, रडणं तर शंभर टक्के तुमच्या घरचं. नर्स म्हणाली, ही मैदानावर ओरडणार.

अप्पांनी लगेच पंचांग काढलं. नक्षत्र बघून अक्षरं काढली तर वाट्याला काय आलं? थ, झ आणि ञ. आई म्हणाली, ञ वरून एक नाव ठेवून दाखवा, मी चांदीची वाटी देते. अप्पांनी पंचांग मिटलं.

तेव्हा आता ऐका. नाव ठरलं, सकीना. मीच ठरवलं आणि वैभव लगेच हो म्हणाला. तुमच्या तोंडून स्पष्ट येणारं हे नाव, म्हणजे बारशाला प्रितीचा प्रश्नच नाही. तुम्ही यायचं, वाकायचं, नाव सांगायचं.

आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मेघना, दिवस कसले आहेत बघतेस ना? उद्या शाळेत, सोसायटीत कोणी विचारलं, हे नाव तुमच्यात कसं, तर पोरगी काय सांगणार?" मी म्हटलं, "सांगेल, आत्याने ठेवलं." तिची काळजी खोटी नाही, मला कळतं. पण अप्पा आतल्या खोलीतून म्हणाले, "सुमती, साकीन आपल्या दस्तांत चाललं, त्याची लेक घरात चालेल." संध्याकाळी आई बाळाला न्हाऊ घालत होती तेव्हा मी तिला ते नाव पुटपुटताना ऐकलं.

बारसं १२ एप्रिलला, रविवारी. इथेच, वाडीच्या हॉलमध्ये. येताय ना?

तुमची,
मेघना


नायगाव,
१३ मार्च

मेघना,

मुलगी झाली, देव पावला. तिला बघायला जीव तुटतोय.

पण तुझं पत्र वाचून मला झोप लागली नाही. मला एकच शब्द येतो म्हणून तोच मुलीच्या गळ्यात घालायचा? ती जन्मभर ते नाव वागवणार, आणि कोणी विचारलं तर काय, की आत्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं? तुझ्या आईला वाईट वाटलं, घरात अबोला झाला, ते सगळं माझ्या सोयीसाठी? शाळेत मुलं लंगडत आली की मी त्यांना शर्यतीतून काढायचे नाही, पण त्यांच्यासाठी रेघही पुढे आणायचे नाही. माझ्यासाठी कोणी रेघ पुढे आणू नका.

कीव मला पुष्कळ मिळते. केळेवाला देतो, शेजारी देतात. तुझ्याकडून नको होती.

बारशाला प्रितीलाच बोलवा. मी नंतर कधीतरी येऊन बाळाला बघून जाईन.

दर्शना


गिरगाव,
१६ मार्च

प्रिय दर्शनाताई,

रागवा, पण हे शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पत्रात सगळं सुरळीत झालं असं लिहिलं. ते खोटं होतं. तुम्ही अजून सावरताय, तुम्हाला ताप नको म्हणून वैभवलाही शपथ घातली होती.

२ तारखेला सकाळी एकाएकी रक्त जायला लागलं. किती ते सांगत नाही. आई किंचाळली. टॅक्सीत मी वैभवचा हात धरून होते आणि माझे दात वाजत होते. आत नेलं तेव्हा वैभवला बाहेर थांबवलं. वर दिवे, सगळ्यांची धावपळ, कोणीतरी म्हणालं बाळाचे ठोके कमी होतायत. मी इतकी भ्याले होते, ताई, की मला माझं नाव विचारलं तर सांगता येईना.

आणि तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं. देवाचं नाव आठवायला हवं होतं, पण नाही आठवलं. भ्यालेल्याच्या काळजात काहीतरी उतरतं आणि पाय जाग्यावर राहतात, ते आठवलं. खलाशाची ती बायको आठवली. मी मनात म्हणत राहिले, सकीना, सकीना, ये आणि राहा. मोठ्याने म्हणत असेन, कारण भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, मुलीचं नाव ठरवलंय वाटतं? मी हो म्हटलं. दात वाजायचे थांबले होते. मग भूल चढली.

जाग आली तेव्हा ती माझ्या कुशीत होती.

तर हे नाव तुमच्या सोयीचं नाही, माझ्या गरजेचं होतं. तुम्हाला हे आधीच लिहायला हवं होतं, पण त्या सकाळबद्दल मला बोलता येत नव्हतं. कानात सांगता येईल वगैरे जे लिहिलं ते त्यामुळे. तुम्हाला ते कीव केल्यासारखं वाटलं, यात तुमची चूक नाही.

आता मी काहीच ठरवत नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, आपल्याकडे तसंच असतं. तुम्ही या आणि तुम्हाला वाटेल ते नाव ठेवा. मी आणि वैभव आधी विचारणार नाही. तुम्ही जे सांगाल ते मुलीचं नाव. पण प्रिती नाही. तुम्ही आला नाहीत तर मुलगी बिननावाची राहील, आणि आई तिला 'सोनू' म्हणायला लागेल. तुम्हाला सोनू चालेल का?

मेघना


नायगाव,
२७ मार्च

प्रिय मेघना,

सोनू अजिबात चालणार नाही.

तुझं पत्र आल्या दिवसापासून उशीखाली आहे. टॅक्सीपर्यंत वाचते आणि थांबते, मग परत वाचते. वैभवचा कान पिळला. तू वाचलीस, ती वाचली, देवाचे आभार कसे मानू? मी इकडे आवाजाचं रडगाणं गात बसले आणि तू तिकडे हे सोसत होतीस. मला माफ करू नकोस, फक्त पुढच्या वेळी सुरळीत असं लिहू नकोस.

काल सकीनाबीकडे गेले. रोजे चालू होते तेव्हा ती वर्गाला येत होती, पण हवा ढकलून दाखवत नव्हती, नुसतं बोटाने सांगायची. बुधाजीकाकांनी विचारलं, हवा गिळली तर रोजा मोडतो का? म्हणाली, माहीत नाही, पण मी कशाला वाद ओढवू! काल ईद होऊन गेल्यावरचा पहिला वर्ग, डबाभर शीरखुर्मा घेऊन आली. मी तिला सगळं लिहून दाखवलं. तुझं पत्र, माझा राग, सगळं.

वाचून आधी डोळे पुसले, तुझ्यासाठी. मग मला झापलं. "एकच शब्द येतो म्हणून रडतेस? दुसरा शीक! दोन नावं तोंडात घेऊन जा. मग जे ठेवशील ते तुझ्या मर्जीचं." तिने मला नाव काढून दिलं, केतकी. क, त, क, सगळी आमच्या बाजूची अक्षरं, हवा आपोआप धरतात. आणि खरंच, तासाभरात केतकी असं खणखणीत आलं, की बाहेरच्या वॉचमनने आत डोकावून बघितलं. सकीनापेक्षा कितीतरी स्पष्ट.

जाताना पाटीवर विचारलं, समजा मी तुमचंच नाव ठेवलं, तर तुम्हाला चालेल? आमच्यातली मुलगी, तुमचं नाव. ती म्हणाली, "नाव काय माझ्या बापाची जहागीर आहे? बापाची एक बोट होती, ती पण शेठची." बारशाला ये म्हटलं. तिच्या नातीची परीक्षा आहे, येणार नाही, पण बाळासाठी बिनबाह्यांचं मऊ झबलं शिवून देते म्हणाली.

मी येते. चाळीतल्या गंगूबाईला बरोबर आणते, एकटीने हॉलमध्ये शिरायचं धाडस नाही. नाव काय ते विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

तुझी,
दर्शनाताई


नायगाव,
१३ एप्रिल

चि. सकीना हिला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुला अजून मान धरता येत नाही, तेव्हा हे पत्र आईने वाचून दाखवावं. तिला काही भाग नवा आहे, कारण ती पाळण्याच्या समोर होती आणि माझं तोंड तुझ्याकडे होतं.

गंगूबाईचा दंड धरून हॉलमध्ये शिरले. वाडीतल्या बायका नटून बसलेल्या, सगळ्यांची नजर माझ्या रुमालावर. तुझी आजी सुमतीताई उठून आल्या. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी माझा रुमाल जरा सरळ केला, कुंकू लावलं आणि हात धरून पाळण्यापाशी नेलं. तो हात मला जन्मभर पुरेल.

तू जागी होतीस. डोळे टक्क. मी दोन्ही नावं मनात घोळवत आले होते. केतकी सोपं, एका दमात आलं असतं आणि सगळे वाहवा म्हणाले असते. सकीनाला शेवटी मी अडखळते. मी वाकले, तुझ्या कानापाशी तोंड नेलं आणि मला कळलं, की मला सोपं नको आहे. तुझी आई ज्या नावाला धरून परत आली, आणि मला ज्या बाईने माणसांत परत आणलं, ते नाव मला तुला द्यायचं होतं. अडखळले तर अडखळले.

हवा घेतली, ढकलली, आणि ती खाली जाऊन बसली. वर येईना. भीतीने घसा असा आवळला, की काही केल्या सुटेना. तुझे अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. क्षणभर वाटलं, उठावं आणि जिन्याने पळून जावं.

आणि पाठीत दणका बसला! आत्या कानात नाव सांगते तेव्हा मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हे मी शंभर बारशांत केलंय, माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. पहिला धपाटा गंगूबाईचा, तिचा हात म्हणजे गिरणीत साचा चालवलेल्या बाईचा हात. मग सुमतीताईंचा, मग सगळ्यांचे. तुला दूध पाजून खांद्यावर घेतात आणि पाठीवर थापटतात ना, तसंच. हवा सुटली, वर आली, आणि तुझं नाव असं बाहेर पडलं, की कानात सांगायचं ते हॉलच्या दारापर्यंत गेलं. अख्ख्या हॉलने ऐकलं. तू दचकलीस आणि मग माझ्याकडे बघत राहिलीस. रडली नाहीस. तुझी आई रडली, तुझा बाप भिंतीकडे तोंड करून रडला. अप्पा म्हणाले, "स्पष्ट ऐकू आलं." वयामुळे त्यांना धड ऐकू येत नाही, हे तुला पुढे कळेल.

सकीनाबीचं झबलं तुला जरा सैल होतं. असू दे, तू वाढशील.

संध्याकाळी चाळीत परत आले. आमच्या इथे लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं आहेत. समोरची इमारत पाडायला घेतलीय, आमची अजून उभी आहे. पहिल्याच दारात चंपा उभी होती. "दर्शना, चेडवाचा नाव काय ठेवलंस गो?"

मी सांगितलं.

"सकीना? ह्या मुसलमानी नाव मां? अर्थ काय त्याचो?"

ऑपरेशननंतर कोणी मला इतकं लांब उत्तर लागेल असा प्रश्न विचारला नव्हता. मी हवा घेतली आणि सांगायला लागले. भ्यालेल्या माणसाचं सांगितलं, खलाशाच्या बायकोचं सांगितलं, लहानगीच्या तहानेचं सांगितलं. दोन शब्द झाले की थांबायचं, हवा घ्यायची, परत दोन शब्द, आणि जो शब्द फुटला नाही तो हाताने दाखवायचा. इतका वेळ लागला, की चंपाच्या गॅसवरचं दूध उतू गेलं असेल. ती आत गेली नाही. पुढच्या दारातली अंबिका आली, तिच्या मागून आणखी दोघी आल्या, आणि माझं सांगून होईपर्यंत सगळ्या तिथे उभ्या राहिल्या.

तुझी,
दर्शनाआत्या